विमान जमिनीवर असताना

विमान म्हटले की माणसाची मान आपोआप वर जाते. आकाशाची स्तोत्रे कवींनी गायिली, पक्ष्यांच्या भरारीवर काव्ये झाली. पक्ष्याच्या चालण्याचे मात्र तेवढे कौतुक झाले नाही. बदकाची चाल तर थट्टेचाच विषय होऊन बसली आहे. विमानाचेही तसेच झाले. ते उडते याचे आपणांस केवढे कौतुक! पण ते जमिनीवरून चालतेही, आणि तसे चालत असताना त्याला पुष्कळ गोष्टींचे भान ठेवावे लागते, याविषयी कुणी अवाक्षर काढीत नाही. आम्हांस मात्र अलीकडे असे वाटू लागले आहे की विमानाचे शहाणपण त्याच्या उडण्यात जितके आहे तितकेच त्याच्या चालण्यात आहे. आणि चालण्यापेक्षाही अधिक ते त्याच्या थांबण्यात आहे.

हा विषय आम्ही निवडावा याचे वाचकांस नवल वाटेल. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवावा, हा आमचा धर्म. यंत्राशी आमचा संबंध शाळेच्या घंटेपुरता, आणि तीही वाजवितो शिपाई. परंतु बडोद्याचा हरणी विमानतळ शहराच्या ईशान्येस आहे आणि अधूनमधून एखादे विमान आमच्या तासाच्या मध्यावर खिडकीपलीकडून जाते. त्या वेळी चाळीस डोक्यांपैकी एकही डोके फळ्याकडे वळलेले राहत नाही. बहुव्रीही समासाचा विग्रह पुरा होण्यापूर्वीच वर्ग विमानाबरोबर मुंबईस जाऊन पोहोचतो. ज्या प्रतिस्पर्ध्याने आमचा वर्ग इतक्या वेळा पळविला, त्याची थोडी चौकशी करणे आम्हांस प्राप्तच होते.

चौकशीस माणूसही घरचाच मिळाला. आमचा एक माजी विद्यार्थी आज एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. गेल्या दिवाळीत फराळाला आला असता आम्ही त्यास विचारले, "काय रे, आकाशात सर्वांत कठीण काय? ढग, वादळ, की रात्रीचा अंधार?"

तो हसून म्हणाला, "सर, ढगांचे तंत्र आम्हांला शिकवलेले असते. पण विमान जमिनीवर चालू लागले की मी जास्त जपून असतो. वर चुकलो तर सावरायला काही क्षण तरी मिळतात. खाली धावपट्टीवर चुकून पाऊल पडले, आणि समोरून दुसरे विमान येत असले, तर तेवढेही मिळत नाहीत."

त्यानंतर चकलीचे ताट बाजूस सारून त्याने आम्हांस जे समजावून सांगितले, त्यात आम्ही नंतर वाचून जी भर घातली तिच्यासह ते येथे देत आहोत.

धावपट्टी ही विमानतळावरील सर्वांत सोवळी जागा. देवळाच्या गाभाऱ्यात जसे वाटेल त्याने वाटेल तेव्हा शिरायचे नसते, तसे येथेही परवानगीवाचून कुणी पाऊल टाकायचे नसते. विमान, मोटार किंवा माणूस, यांपैकी कुणीही नको तेव्हा या राखीव जागेत आढळला, तर त्यास आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना धावपट्टीवरील अनुचित प्रवेश मानते. मग अपघात होवो वा न होवो. घडले काहीच नाही, तरी दोष घडलाच, असा हा कडक हिशेब आहे. आणि तो कडक असण्यास कारण आहे. उड्डाण करणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानाचा वेग जमीन सोडण्याच्या सुमारास ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात असतो. इतक्या वेगाचे शेकडो मणांचे धूड, पोटात इंधन आणि माणसे घेऊन येत असता, त्याच्या वाटेत दुसरे काही उभे राहिले तर काय होईल हे सांगण्यास पदार्थविज्ञानाचा शिक्षक लागत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आजोबा आगगाडीच्या जुन्या गोष्टी सांगत असतील. डभोई ते मियागाम हा अरुंद रुळांचा मार्ग बडोदे संस्थानात १८६२ साली झाला आणि आरंभी त्यावरील गाड्या बैल ओढीत, ही तर आपल्या भागाची अभिमानाची गोष्ट. पुढे एकेरी लोहमार्गावर समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून एक सोपी युक्ती रूढ झाली. दोन स्थानकांमधील रुळांसाठी एका वेळी एकच खूण, एकच टोकन बाहेर येई. ते हातात असल्याखेरीज चालकाने गाडी पुढे न्यायची नाही. धावपट्टी हा असाच एकेरी मार्ग आहे. भेद इतकाच की येथे टोकन हातात धरता येत नाही. ते असते शब्दांचे. मनोऱ्यातील नियंत्रक बिनतारी यंत्रावरून बोलतो, वैमानिक ते ऐकून तसेच्या तसे परत म्हणून दाखवितो, आणि नियंत्रक ते पुन्हा ताडून पाहतो. अमुक धावपट्टीच्या अलीकडे थांबा, ती ओलांडा, तिच्यावर या, उड्डाण करा, या आज्ञांपैकी एकीलाही नुसते 'बरे' म्हणून चालत नाही. धावपट्टीच्या क्रमांकासह सारे वाक्य परत म्हणावे लागते. पाठांतर ही जुनाट पद्धत, असे म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी.

क्रमांकाचेही गणित सोपे आहे. धावपट्टी ज्या दिशेस तोंड करून असते त्या दिशेचे होकायंत्रावरील अंश घ्यावेत आणि शेवटचे शून्य गाळावे. आपल्या हरणीची धावपट्टी एका टोकाने ०४, म्हणजे सुमारे चाळीस अंश, ईशान्येस तोंड करून. आणि दुसऱ्या टोकाने २२, म्हणजे सुमारे दोनशे वीस अंश, नैर्ऋत्येस. एकच पट्टी, पण नावे दोन. एकाच गृहस्थाला माहेरी एका नावाने आणि सासरी दुसऱ्या नावाने हाक मारावी, तसेच हे.

विमान फलाटावरून निघाले की ज्या वाटांनी ते धावपट्टीपर्यंत जाते त्यांना टॅक्सी-मार्ग म्हणतात. रात्री त्यांच्या कडेला निळे दिवे आणि मधोमध हिरवे दिवे असतात. जेथे टॅक्सी-मार्ग धावपट्टीला मिळतो तेथे जमिनीवर चार पिवळ्या रेघा आडव्या रंगविलेल्या असतात. दोन अखंड, दोन तुटक. अखंड रेघा आपल्या बाजूस असल्या तर आपण बाहेर आहोत. परवानगीवाचून त्या ओलांडायच्या नाहीत. तुटक रेघा आपल्या बाजूस असल्या तर आपण धावपट्टीच्या आत आहोत. ती लवकर मोकळी करायची. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक असतो. पुष्कळ विमानतळांवर या ठिकाणी जमिनीत लाल दिव्यांची एक ओळही बसविलेली असते. ती पेटलेली असताना, तोंडी परवानगी मिळाली असली तरी, ती ओलांडायची नाही. थांबून मनोऱ्याला विचारायचे. आमच्या विद्यार्थ्याने फराळाच्या टेबलावर मिठाने या रेघा काढून दाखविल्या, आणि त्या पुसायला आमच्या घरच्या मंडळींनी बराच वेळ परवानगी दिली नाही.

या खुणा सर्वांस दिसतात, तरी चूक का होते? कारण चालविणारा माणूस आहे. म्हणून वैमानिकांनी स्वतःसाठी काही सवयी ठरवून घेतल्या आहेत. इंजिन सुरू होण्यापूर्वीच दोघे वैमानिक विमानतळाचा नकाशा उघडून आपली वाट बोलून घेतात. कोणत्या वळणावर पूर्वी इतरांची फसगत झाली आहे ते नकाशात खुणेने दाखविलेले असते. तेथे अधिक सावध राहायचे. मनोऱ्याची आज्ञा लांब असली तर ती लिहून घ्यायची. स्मरणशक्तीवर विसंबायचे नाही. एकाने विमान चालवावे, दुसऱ्याने नकाशावर बोट ठेवून वाट ताडावी. सरळ वाटेवरही वेग मर्यादेत, वळणावर तर आणखी मंद. धावपट्टी ओलांडण्यापूर्वी, परवानगी असली तरी, दोघांनी डावी-उजवी बाजू आपापल्या डोळ्यांनी पाहायची आणि मोठ्याने बोलून दाखवायची. या वेळी कामावाचून दुसरे बोलणे नाही. अमेरिकेत १९८१ साली असा नियमच झाला की विमान जमिनीवर चालत असताना आणि दहा हजार फुटांच्या खाली उडत असताना वैमानिकांनी कामाबाहेरच्या गप्पा मारू नयेत. पुढे ही शिस्त जगभर पसरली. आणि सर्वांवर कळस म्हणजे हा नियम: आपण कोठे आहोत याविषयी तिळभर शंका आली, की थांबा आणि विचारा. मात्र धावपट्टीवर असल्यास आधी ती मोकळी करा. विचारण्यात कमीपणा नाही.

येथपर्यंत ऐकून आम्हांस सर्वांत जवळची वाटली ती शब्दांची गोष्ट. आम्ही घरी कोंकणी बोलतो, वर्गात मराठी, आणि बाजारात गुजराती. तीन भाषांच्या तिठ्यावर राहणाऱ्या माणसाला शब्द किती फसवे असतात ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. कोंकणीत 'नाका' म्हणजे नको. मराठीत नाका म्हणजे रस्त्याचा नाका. गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, काम नसलेला. आमची मावशी प्रथम बडोद्यास आली, तेव्हा शेजारणीने सलगीने विचारले, "नवरां छो, बेन?" म्हणजे, सवड आहे का? मावशी म्हणाली, "नवरा गोव्याला असतो." त्यावर दोघी हसल्या आणि तेथून त्यांची मैत्री जमली. कोंकणीत 'राव' म्हणजे थांब. त्यामुळे रावपुऱ्याचे नाव प्रथम ऐकले तेव्हा ही थांबण्याची पेठ असावी असे आम्हांस वाटले. आणि तेथील वाहनांची गर्दी पाहता तो अर्थ अगदीच चुकीचा नव्हता. गल्लीत असल्या गैरसमजाचे फळ हसू असते. धावपट्टीवर ते तसे नसते.

२७ मार्च १९७७ या दिवशी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे येथील लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुके उतरले होते. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बाँबस्फोट झाल्यामुळे पुष्कळ विमाने या लहान विमानतळावर वळविली होती आणि टॅक्सी-मार्ग अडून गेला होता. त्यामुळे विमानांना धावपट्टीवरूनच उलट चालत टोकाला जावे लागे. डच कंपनी केएलएमचे बोइंग ७४७ टोकाला जाऊन वळून उभे होते. पॅन ॲमचे तसलेच विमान धुक्यात त्याच धावपट्टीवरून त्याच्यामागून चालत येत होते. नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. त्या वाक्यात 'टेक-ऑफ' हा शब्द होता, पण उड्डाणाची परवानगी नव्हती. डच सहवैमानिकाने उत्तरादाखल जे इंग्रजी वाक्य उच्चारले त्याचा अर्थ 'आम्ही उड्डाणाच्या जागी आहोत' असाही होई, आणि 'आम्ही उड्डाण करीत आहोत' असाही. नियंत्रकाने पहिला घेतला. थांबून राहा, असे त्याने पुढे सांगितले. पण नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमही बोलले, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून केएलएमच्या कानी कर्कश शिट्टी तेवढी आली. केएलएमच्या तंत्रज्ञास शंका आली, त्याने ती बोलूनही दाखविली. पण कप्तान अनुभवी, नामांकित. त्याने ती ठामपणे दूर केली, आणि मग कुणी पुन्हा बोलले नाही. ५८३ माणसे मृत्यू पावली. विमानांच्या इतिहासात एका अपघातात इतका संहार दुसरा झालेला नाही.

त्यानंतर जगाने दोन धडे घेतले. पहिला शब्दाचा. 'टेक-ऑफ' हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतात. एरवी त्याऐवजी दुसरा शब्द वापरतात. दुसरा धडा माणसाचा. धाकट्याला शंका आली तर त्याने ती स्पष्ट बोलावी, आणि थोरल्याने ती ऐकावी, हे आता वैमानिकांच्या शिक्षणातच शिकविले जाते.

धडे घेतले म्हणून चुका संपल्या असे मात्र नाही. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात एक लहान विमान चुकीच्या टॅक्सी-मार्गाने वळले आणि धावपट्टीवर आले. ११८ माणसे गेली. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर, आदल्या दिवशीच्या भूकंपातील लोकांसाठी मदत घेऊन निघालेले जपानी तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर शिरले. नियंत्रकाने त्यास 'पहिला क्रमांक' असे म्हटले होते. ते उड्डाणाच्या रांगेतील पहिले स्थान होते, धावपट्टीवर येण्याची अनुज्ञा नव्हे. सुमारे चाळीस सेकंद ते तेथे उभे राहिले, आणि उतरणारे मोठे प्रवासी विमान त्यावर आदळले. प्रवासी विमानातील ३७९ जण जळत्या विमानातून शिस्तीने बाहेर पडले आणि वाचले. तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण गेले. परोपकाराला निघालेली माणसे एका शब्दापायी गेली, हे वाचून आम्ही काही वेळ पुस्तक मिटून बसलो.

आपल्या देशातही हे संकट दारावरून गेलेले आहे. मुंबईच्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, आणि २०१८ साली तेथे एका दिवसात हजारांहून अधिक विमाने उतरली-उडाली. तेथेच ९ फेब्रुवारी २००९ रोजी दिल्लीकडे निघालेले एअर इंडियाचे विमान वेग घेत असता, राष्ट्रपतींच्या ताफ्यातील वायुदलाचे हेलिकॉप्टर समोर धावपट्टीवर दिसले. वैमानिकाने उड्डाण सोडून दिले, विमान थांबविले, आणि अनर्थ टळला. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्यास एअर इंडियाच्या विमानासमोर धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला. तेव्हा थांबण्यास अवकाश नव्हता, म्हणून वैमानिकाने नेहमीपेक्षा आधीच विमान उचलले. शेपटीकडील भागास इजा झाली, पण सर्व जण दिल्लीस सुखरूप उतरले. आणि आपल्या शेजारी सुरतेस ६ नोव्हेंबर २०१४ रोजी स्पाइसजेटच्या विमानासमोर आली ती म्हैस. म्हशीला पिवळ्या रेघा वाचता येत नाहीत, तेव्हा कुंपण नीट ठेवण्याचे काम माणसाचेच.

गेल्या पावसाळ्यात आमचे वडील गोव्यात आजारी पडून इस्पितळात होते. आम्ही मुंबईमार्गे निघालो. मुंबईस विमान फलाटावरून हलले, थोडे चालले, आणि उभे राहिले. पाऊस काचेवरून ओघळत होता. पाच मिनिटे झाली, दहा झाली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "यापेक्षा आपली एसटी बरी, निदान चालत तरी असते!" मागे कुणीतरी हवाई सुंदरीस खडसावून विचारले. आमच्या हातात भावाचा सकाळचा निरोप होता, 'लवकर ये' एवढाच. आणि डोळे घड्याळावर होते. इतक्यात पावसाच्या पडद्यातून दोन दिवे मोठे होत आले, आणि एक विमान पाण्याचे फवारे उडवीत आमच्या खिडकीसमोरून प्रचंड वेगाने निघून गेले. सारी कुजबुज एकदम थांबली. त्या विमानाच्या खिडक्यांतूनही माणसे बाहेर पाहत असतील, आणि त्यांचेही कुणीतरी कुठेतरी आजारी असेल, वाट पाहत असेल. पुढच्या दाराआड बसलेल्या दोघांना आमचे वडील ठाऊक नव्हते, आमची घाई ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती एक पिवळी रेघ. ती त्यांनी ओलांडली नाही. म्हणूनच त्या संध्याकाळी आम्ही वडिलांच्या उशाशी बसू शकलो. ते पुढे बरे होऊन घरी आले.

आमची आजी मुलांना रस्ता ओलांडताना एकच सांगे: "राव, पळय, आनी मागीर वच." थांब, पाहा, आणि मग जा. तिने जन्मात विमान जवळून पाहिले नव्हते. वैमानिकांच्या जाडजूड नियमपुस्तकाचा मथितार्थ मात्र तिच्या पाच शब्दांत आहे.

विद्यार्थी मित्रहो, हे सारे तुम्हांस सांगण्याचा हेतू आता सांगतो. वर्गात 'समजले का?' असे विचारले की चाळीस माना एकदम डोलतात. त्या डोलण्यावर आमचा काडीचा विश्वास नाही. एखादाच हात वर होतो आणि त्या हाताचा धनी म्हणतो, "सर, नाही समजले." बाकीचे त्याच्याकडे वळून हसतात. आम्हांस विचाराल तर साऱ्या वर्गात विमान हाती द्यावे असा तो एकच. आणि शिक्षकाचे काही चुकले तर उभे राहून नम्रपणे तसे म्हणणारा विद्यार्थी त्याच्याही पुढचा. तेनेरिफेच्या त्या धुक्यात असाच एखादा आवाज पुन्हा एकदा, अधिक मोठ्याने उठायला हवा होता.

आपल्या बडोद्यास २०१६ साली नवे विमानतळ-भवन झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ ही लष्करी मालवाहू विमाने जोडण्याच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. तेव्हा तुमच्यापैकी कुणी उद्या विमान जोडील, कुणी चालवील, कुणी मनोऱ्यात बसून इतरांस थांबवील, आणि कुणी हरणीचे कुंपण राखील. यांतले कोणतेही काम हलके नाही. तोवर निदान एवढे करावे: प्रश्नपत्रिका हाती पडताच लेखणी धावू देऊ नये. प्रश्न पुरता वाचावा, मनाशी परत म्हणावा, आणि मग उत्तरास हात घालावा. इतके सांगून आम्ही थांबतो.